डोणगावच्या लाईनीवरून आपलं भांडण

इंगळे काका, सोमवारी ट्रस्टची बैठक आहे आणि कागदावरची तुमच्या अभिप्रायाची जागा गेल्या आठवड्यापर्यंत कोरी होती. मी ती मुद्दाम कोरी ठेवली होती. "माहं मत घेतल्याबिगर कागद पुढं गेला त पाह्य मंग," असा दम तुम्हीच दिला होता. आणि मत द्यायच्या आधीच तुम्ही निघून गेलात. गेल्या आठवड्यात तुम्ही गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन झालं. पांढरी साडी नेसून मी काकूंच्या शेजारी बसले होते, भन्तेजी त्रिसरण म्हणत होते, आणि खरं सांगते, माझ्या डोळ्यांपुढे तो कोरा चौकोनच होता. तुम्ही यावर रागावणार नाही हे मला माहीत आहे, कारण माझ्या जागी तुम्ही असता तर तुमच्याही डोळ्यांपुढे तेच असतं.

जेवणं झाल्यावर तुमच्या सुनेने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, बाबांचं आणि तुमचं भांडण होतं तरी काय?" तिला काय सांगितलं ते तुम्हाला सांगते. कुठे चुकले असेन तर तुम्ही आता दुरुस्त करू शकत नाही, ही माझी सोय आहे.

मी म्हटलं, आमच्या ट्रस्टचा मोठा दवाखाना इथे बुलढाण्याला. डोणगावला आमची एक्स-रेची एक खोली आहे. एक्स-रे काढणाऱ्या रेखाताई तिकडे आणि तो वाचणाऱ्या डॉक्टर मॅडम इकडे. मधे मेहकर आणि एसटीने अडीच तासांचा रस्ता. म्हणून फोटो तारेने पाठवायचा. त्याचे दोन प्रकार आहेत. एक म्हणजे लीज लाईन. ती भाड्याने घेतलेली, इथपासून तिथपर्यंत फक्त आपली. तिच्यावरून काही जात असो की नसो, ती आपल्यासाठीच उघडी राहते, दुसऱ्या कोणाचं त्यात काही शिरत नाही. दुसरा प्रकार पॅकेटचा. त्यात फोटोचे बारीक तुकडे होतात, प्रत्येकावर पत्ता आणि क्रमांक पडतो, आणि ते तुकडे सगळ्यांच्या सामाईक जाळ्यातून, हजार लोकांच्या तुकड्यांबरोबर, मोकळी सापडेल त्या वाटेने जातात आणि पलीकडे क्रमाने जोडले जातात. तुझे सासरे लीज लाईनवाले, मी पॅकेटवाली.

"एवढंच?" ती म्हणाली.

एवढंच! चार वर्षं आपण एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून एवढंच भांडलो. मला तिचा जरा रागच आला. मग मी तिला विश्वस्तांचं म्हणणं सांगितलं. डोणगावशी भरवशाचा संपर्क राहत नसेल तर यंत्र तिथून उचलून मेहकरच्या केंद्रात नेऊ, असं त्यांनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. मग डोणगावच्या आणि भोवतालच्या खेड्यांतल्या माणसाने मोडका पाय घेऊन मेहकर गाठायचं. ते सोमवारी ठरणार आहे. हे ऐकल्यावर तिने माझ्या ताटलीत आणखी एक बुंदीचा लाडू ठेवला.

पण काका, तुम्हाला मला एक वेगळीच गोष्ट सांगायची होती. ती राहून गेली, आणि राहिली ती माझ्याच भांडकुदळ स्वभावामुळे. तिच्याकडे सावकाश येते.

मी पुण्याची नोकरी सोडून आले तो पहिला दिवस तुम्हाला आठवत असेल. टेबलावर पक्कड, टेस्टर, तारांची वेटोळी आणि त्यांच्यामध्ये तुमचा भाकरीचा डबा उघडा होता. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन तुम्ही ट्रस्टकडे लाईन सांभाळायला आला होता आणि कोणी तरी शिकलेली मुलगी तुमच्या डोक्यावर आणून बसवणार, हे तुम्हाला आधीच कळलं होतं.

"पुण्याची म्याडम आली वाटते," तुम्ही भाकरीकडे बघतच म्हणालात.

"मेहकरची आहे मी," मी म्हटलं.

"मंग अशी काऊन बोलून राह्यली?"

पहिल्या पाच मिनिटांत आपलं वाजलं. लीज लाईन हा आता जुना कारभार झाला, सगळीकडे पॅकेटवर चाललंय, असं मी फळ्यावर आकृती काढून तुम्हाला समजावायला गेले. तीस-बत्तीस वर्षं खांबांवर चढलेल्या माणसाला! तुम्ही शांतपणे जेवण संपवलं, डबा पुसला आणि म्हणालात, "पाह्य, लीज लाईन म्हंजे दाराशी उभी असलेली आपली जीप. भरेल असो का रिकामी असो, ते आपल्याचसाठी उभी. अन् तुहं पाकीट म्हंजे एसटीच्या ड्रायव्हरजवळ देल्ला डबा."

"डबा पोचतो ना पण, काका?"

"पोचते. कवा पोचते ते त्या ड्रायव्हरले इचार."

एखादा तुकडा वाटेत हरवला तर काय, असं तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, पलीकडचं यंत्र तो परत मागवतं, तेच तर त्याचं काम. "म्हंजे हरपते हे कबूल हाय," म्हणून तुम्ही चष्मा पुसायला घेतलात. मला इतका संताप आला की माझं पुणं कुठल्या कुठे गेलं. "तुमाले काई समजत नाई!" असं मी ओरडले. तुम्ही चष्मा लावला, माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलंत आणि म्हणालात, "आता बोलली मेहकरची पोरगी." त्या दिवसापासून तुम्ही खूश असलात की मी पोरगी आणि चिडलात की म्याडम. मला दोन्हींची सवय झाली. आता दोन्ही नाहीत आणि ऑफिसात सगळे मला नावाने हाक मारतात, ते मला सहन होत नाही.

तुमच्या मोजणीचं मात्र मला सुरुवातीला फार हसू यायचं. लाईनीच्या दोन्ही टोकांना तुम्ही एकेक जुना काळा फोन जोडून ठेवला होता. त्याला नंबर नाही, काही नाही. इकडचा उचलला की तिकडचा वाजायचा. सकाळी साडेनऊला, दवाखाना उघडायच्या आधी, तुम्ही तो उचलायचा. "हॅलो डोणगाव. मोजा." मग रेखाताई एक ते दहा मोजायच्या आणि तुम्ही इकडून दहा ते एक. फोन ठेवला की लाल कापडी पाठीच्या रजिस्टरात तारीख, वेळ आणि एक शब्द, "ठीक". लाईनीत खरखर असली तर तुम्ही लिहायचा, "ऐकू येते, पण मजा नाही." दवाखान्याच्या रजिस्टरात असा शेरा कोणी लिहीत असेल यावर माझा विश्वासच बसेना. मी तुम्हाला म्हटलं, पडद्यावर हिरवा ठिपका दिसतोय, म्हणजे लाईन चालू आहे, मग रोज हे पाढे कशाला?

"ठिपका लाईनीचं सांगते," तुम्ही म्हणालात. "रेखाचं सांगते का?"

रेखाताईंना सर्दी झालीय, त्यांची स्कूटी बिघडलीय आणि त्या धावत आल्यात, घरी काहीतरी कुरबूर आहे, हे तुम्हाला त्या दहा आकड्यांवरून कळायचं. मग तुम्ही दुपारी तिकडे फोन करून इकडचं-तिकडचं बोलायचा आणि मूळ गोष्ट काढून घ्यायचा. त्यांच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन तुम्हीच ठरवून दिलंत, तेही अशाच एका सकाळी त्या आठावर अडखळल्या म्हणून. मी मात्र तेव्हा तुम्हाला जुन्या वळणाचा हट्टी माणूस समजत होते. तसे तुम्ही होतातच, पण तेवढेच नव्हतात.

आणि त्या मोजणीवरूनच तुम्ही मला चार वर्षं छळलंत. "तुह्या पाकिटावर मोजलं त सात आठाच्या मागून येईन."

"येणार नाही. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक असतो."

"येईन."

"लावू का काळा फोन पॅकेटवर? दाखवते."

"त्या फोनाले हात लावशीन त पाह्य, म्याडम."

तिथेच ते थांबायचं. खरंखोटं कधी केलंच नाही आपण.

विश्वस्तांनी तीन महिने दोन्ही जोडण्या शेजारीशेजारी चालवून बघायला सांगितलं, तेव्हा तुमच्या अंगात जे काही संचारलं ते काकूंनी मला नंतर सांगितलं. तुम्ही म्हणे घरीही घड्याळ समोर ठेवून जेवायला लागलात. तुमचं एक रजिस्टर, माझं एक. रेखाताई बिचाऱ्या प्रत्येक फोटो दोनदा पाठवायच्या, एकदा तुमच्या वाटेने आणि एकदा माझ्या. किती वेळ लागला, किती वेळा तुटलं, डॉक्टर मॅडमची काही तक्रार आहे का, सगळे रकाने मीच आखले होते. तुमच्या लाईनीवर छातीचा फोटो यायला चार मिनिटं लागायची. सकाळी चार, दुपारी चार, बाजाराच्या दिवशी चार. माझ्या वाटेने तो मिनिटभरात यायचा आणि मी तुमच्याकडे न बघता घड्याळाकडे बघायचे. पण अकरा ते एकच्या दरम्यान, सगळा जिल्हा त्या जाळ्यावर उतरला की माझा फोटो नऊ-नऊ मिनिटं रखडायचा, आणि मग तुम्ही माझ्याकडे बघायचा. डब्यातून शेंगदाण्याची चटणी काढून माझ्यापुढे सरकवायचा. ती चटणी गिळताना मला जे वाटायचं ते मी इथे लिहीत नाही.

त्याच दिवसांतल्या त्या आजी आठवतात? खुब्याचं हाड मोडलं म्हणून डोणगावच्या टेबलावर पडल्या होत्या. काळ्या फोनवर मागून त्यांचा आवाज आला, "काऊन बाई, माहं हाड बुलढाण्याले पोचलं का?" तुमच्या लाईनीवर ते तेव्हा अर्धं पोचलं होतं आणि माझं अजून निघायचं होतं. तुम्ही फोनमध्ये ओरडून सांगितलंत, "आजी, अर्धं आलं, अर्धं रस्त्यात हाय!" त्यावर आजी म्हणाल्या, "मंग त्याले म्हना, दमानं ये." तुम्ही इतके हसलात की डॉक्टर मॅडम आतून बाहेर आल्या.

मग तो दिवस आला. सकाळी दहाच्या सुमारास तुमची लाईन गेली. मी मनातल्या मनात उडी मारली, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात माझ्या पडद्यावरचा ठिपका लाल झाला. तुमच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आता तुम्ही मनात उडी मारताय. मग दोघांनाही एकदमच लक्षात आलं आणि आपण दोघंही उभे राहिलो. दोन जोडण्या, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, दोन वेगळ्या पद्धतींच्या, आणि एका मिनिटाच्या आत दोन्ही गार.

जीप घेऊन निघालो. वाटेत आपण एकमेकांच्या पद्धतीला दोष देत होतो, मेहकरच्या स्टँडवर चहा पितानासुद्धा. डोणगावच्या अलीकडे त्या नाल्यावरच्या पुलापाशी जेसीबी उभा दिसला. पाण्याच्या पाईपलाईनीचं खोदकाम. चालक बाजूला उकिडवा बसून तंबाखू मळत होता. खड्ड्यात एक जाड जुना पाईप आडवा फुटला होता आणि त्यातून दोन केबल बाहेर लोंबत होत्या, एक काळी, एक निळी. तुमची आणि माझी. दोन्ही तुटलेल्या.

मी चार पानांचा तक्ता आखला होता, काका. वेग, उशीर, तुटणं, तक्रारी, सगळं. दोन्ही केबल जातात कुठून, हा रकाना मी आखलाच नव्हता, आणि तीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने तो विचारला नव्हता. अडीच महिने आपण एकाच पाईपातल्या दोन तारांची शर्यत लावत होतो. मला रडू यायला लागलं होतं. तुम्ही पुलाच्या कठड्यावर बसलात, टोपी काढली आणि हळूच म्हणालात, "हा पाईप म्याच टाकला होता."

"काय?"

"नोकरीत असतानी. साहेब म्हने, एका तारेपुरता टाका. म्या म्हनलं, मोठा टाका, उद्या कोनाले लागन. आता काय म्हनू? तुह्या कंपनीलेच लागला."

आणि तुम्ही हसायला लागलात. आधी खांदे, मग पोट, मग सगळेच. जेसीबीवाला तंबाखू मळायचा थांबला आणि तोंड वासून तुमच्याकडे बघत राहिला. मीही हसले. रस्त्याच्या कडेला, फुटक्या पाईपाच्या काठावर, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आयुष्यात इतकी मनापासून मी फार थोड्या वेळा हसलेय, आणि त्यासाठी मी तुमची ऋणी आहे हे तुम्हाला कधी म्हटलं नाही.

डोणगावला पोचलो तर रेखाताई निवांत डबा खात होत्या. सकाळी एकाची मांडी मोडून आली होती. लाईन नाही म्हटल्यावर त्यांनी फोटो पेनड्राईव्हवर घेतला, चिठ्ठीत गुंडाळला, रबर लावला आणि बुलढाण्याच्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ दिला. इकडे स्टँडवर आपल्या शिपायाने तो उतरवून घेतला आणि दुपारी डॉक्टर मॅडमचा निरोपही मोबाईलवर आला होता. तुम्ही रेखाताईंकडे बघितलंत, मग माझ्याकडे. "घ्या म्याडम, तुमचं पाकीट पोचलं," तुम्ही म्हणालात. परत येताना जीपमध्ये तुम्ही एकदाही भांडला नाहीत. मला तेव्हाच काळजी वाटायला हवी होती.

त्यानंतर महिनाभरात तुम्हाला हृदयविकाराचा पहिला झटका आला. मी घरी यायचे, तुम्ही ओसरीवरच्या खाटेवर टेकून बसलेले असायचा. काकूंनी बिनसाखरेचा चहा आणला की तो बाजूला ठेवून तुम्ही विचारायचा, "डोनगाव काय म्हंते?" साडेनऊची मोजणी मी करायला लागले होते, पण रेखाताईंच्या आवाजावरून मला काहीच कळायचं नाही. तुम्ही म्हणालात, कळन हळूहळू, घाई करू नको.

आता ती गोष्ट. त्या शेवटच्या सोमवारी दुपारी मी आले तेव्हा माझ्या पिशवीत टिपण होतं, टाईप केलेलं, सही केलेलं. लीज लाईन ठेवावी, असं मी त्यात लिहिलं होतं. हो, मी! चार वर्षं पॅकेटच्या नावाने गळा काढणारी. तुम्हाला दाखवायला आणि एकदाचं "काका, तुमचं बरोबर" म्हणायला मी आले होते. तुम्ही फार दमलेले दिसत होता. मान उशीवर टेकवून, डोळे मिटूनच तुम्ही विचारलंत, "काय लिवलं मंग?"

आणि माझ्या तोंडातून निघालं, "तुमची लाईन काढून टाकणार आहे."

तुम्ही ताडकन डोळे उघडलेत. उशी मागे लोटून उठून बसलात. "अकरा वाजता कुठी जाते तुहं पाकीट? सांग ना, कुठी जाते?" तासभर आपण असे भांडलो की काकू आतून येऊन दोघांनाही बोलल्या. तुमच्या गालांवर रंग आला होता. त्या दिवशी तुम्ही अर्धी भाकरी जास्त खाल्लीत, काकूंनी मला फाटकापाशी येऊन सांगितलं. मी ठरवलं, अजून एकदोन वेळा भांडू, तब्येत सुधारली की मग टिपण दाखवू. शुक्रवारी सकाळी तुमच्या मुलाचा फोन आला.

मला सगळ्यात जास्त हेच लागलं होतं. तुमची लाईन काढणार, असं ऐकूनच तुम्ही गेलात. मी पिशवीतून एक कागद काढला असता तर तुम्ही जिंकून गेला असता.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे पांगल्यावर काकूंनी ते लाल पाठीचं रजिस्टर माझ्या हातात दिलं. आजारपणात तुम्ही ते घरी मागवून घेतलं होतं, मला वाटलं जुने शेरे वाचायला. "त्याईनं सांगतलं होतं, प्रणिताले दे म्हनून," काकू म्हणाल्या. "पन लगेच नको म्हने." मी शेवटचं पान उघडलं. तुमचं ते खांबावर चढल्यासारखं उभं अक्षर. तारीख त्या सोमवारच्या आदल्या दिवसाची, रविवारची.

"अभिप्राय. लीज लाईन काढून टाकावी. तिच्यावर माझा जीव आहे, हे कारण धरू नये. पॅकेटच्या दोन जोडण्या घ्याव्या, पण दोन वेगळ्या रस्त्यांनी. पाईप माझा होता, चूक माझी. डोणगावची खोली हलवू नये." त्याखाली एक रेघ, आणि रेघेखाली, "प्रणिताला इतक्यात दाखवू नये. भांडण बंद पडेल."

काका, मी तुमच्या ओसरीवर सगळ्यांदेखत आधी हसले आणि मग रडले, आणि तुमची सून धावत पाणी घेऊन आली. त्या दुपारी आपण दोघंही हरायचं ठरवून बसलो होतो आणि दोघंही खोटं बोललो. चार वर्षांत एकमेकांना एवढं शिकवलंच होतं म्हणायचं. तुम्ही दुःखी होऊन गेला नाहीत, हे मला त्या रेघेखालच्या दोन ओळींनी सांगितलं. तेव्हापासून मला नीट जेवण जातंय.

पण कोरा चौकोन होताच. रात्री घरी जाऊन झोपले आणि सकाळी माझं टिपण पुन्हा वाचलं. तुम्ही घालून दिलेल्या अटीने वाचलं, जिवाचं कारण न धरता. लीज लाईन का ठेवावी? वेळ कमीजास्त होत नाही म्हणून. पण आपल्या फोटोंना गर्दीतही पुढे जाऊ द्यायची सोय कंपनीने महिन्याभरापूर्वीच करून दिली होती, आणि तेव्हापासून अकरा वाजताही माझा फोटो रखडलेला नव्हता. हे मला माहीत होतं. तरी मी टिपणात ते एका ओळीत उरकलं होतं. का, ते तुम्हाला कळलंच असेल. तुमच्या खाटेपाशी बसून तुमची लाईन कापायचा कागद मला लिहवत नव्हता. डोणगावचा पाय मोडलेला माणूस त्या टिपणात कुठेच नव्हता, फक्त तुम्ही होतात.

मी ते फाडलं. तुमचा अभिप्राय शब्दन् शब्द चौकोनात उतरवला, रेघेखालचं सोडून. एक जोडणी मेहकरच्या आपल्या केंद्राच्या गच्चीवरून बिनतारी, हवेतून, दुसरी जमिनीतून, पण नाल्याच्या पलीकडच्या बाजूने, तुमच्या पाईपाला न शिवता. दोन्ही कंपन्यांकडून मी रस्त्याचा नकाशा लिहून घेतलाय आणि तो रकाना आता तक्त्यात सगळ्यात वर आहे. विश्वस्त हो म्हणतील. डोणगावची खोली डोणगावलाच राहील, याची मला खात्री वाटते, आणि तुमच्यासारखी मला खात्री कशाचीच पटकन वाटत नाही.

हवेतली जोडणी परवापासून चाचणीसाठी सुरू आहे. आज सकाळी मी तुमच्या काळ्या फोनाला हात लावला, काका. त्याची तार लीज लाईनीतून काढून पॅकेटवर जोडली. तिकडे रेखाताईंनीही जोडली. साडेनऊला उचलला.

"रेखाताई, मोजा."

"अशी नाई वं," त्या म्हणाल्या. "इंगळे साहेबासारखं म्हन."

"हॅलो डोणगाव. मोजा."

एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. आणि मग पलीकडे काहीच नाही. लाईन थांबली होती की रेखाताई, ते मला कळलं नाही. मी फोन कानाला दाबून उभी. मग सात आला, जरा ओलसर. मग आठ, नऊ, दहा.

मी दहापासून एकपर्यंत मोजलं, फोन ठेवला, आणि तुमच्या पानाच्या पुढचं पान उघडलं. तारीख लिहिली, वेळ लिहिली. आणि शेरा लिहिला. "सात उशिरा आला, पण आठाच्या आधी. ठीक."